हमूदच्या रायफलची माशी

"मिस्त्री, वेल्डिंग मारो. दस मिनिट का काम है," फोरमन थॉमस म्हणाला.

"नहीं मारेगा," मी म्हटलं.

"क्यों?"

"नली गरम होके बिगडेगी. फिर गोली तू चलाएगा?"

थॉमस निघून गेला. साल २०१४ असेल. ओमानमधल्या गाला या कारखान्यांच्या भागात आमचं वर्कशॉप होतं, तिथे पंपांचे शाफ्ट यायचे. पण अर्बाबाकडे, म्हणजे आमच्या ओमानी मालकाकडे, जुन्या रायफली दुरुस्त करायचा सरकारी परवाना होता. वर्षाला दोन-चार यायच्या. त्या माझ्याकडेच.

ही थ्री-नॉट-थ्री, इंग्रजांच्या लष्करातली. पिकअपमधून दगडावर पडून तिची माशी तुटली होती. नळीच्या टोकाला पोलादाचा छोटा उभा तुकडा असतो, ती माशी. मागे डोळ्याच्या बाजूला एक पट्टी असते, तिला खाच. खाचेत माशी, माशीवर निशाण, असं एका ओळीत आलं की घोडा ओढायचा. ती पट्टीही वाकली होती.

रायफलीचा मालक हमूद, इझ्की गावाच्या बाजूचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. जुन्या ओमान्यांना हिंदी येतं.

"ईद को गाँव में निशानाबाजी है," तो म्हणाला. "भाई सैफ बोलता, मेरा आँख खलास. इस बार मेरा जगह वो खड़ा होगा. शुक्रवार को पाँच गोली मारके उसको दिखाना है."

गावातून पाचच जण उभे राहायचे. हमूद तीस वर्षं त्या पाचांत होता.

पट्टी अर्बाबाच्या जुन्या पेटीत मिळाली. माशी मात्र कुठलीच बसेना. मग ती मी कानशीने केली. शाळा मी सातवीत सोडली, पण तेव्हा मिस्त्रीकामाला चाळीस वर्षं झाली होती, आणि कानस धरण्यात माझ्या तोडीचा माणूस आख्ख्या गालात नव्हता. अजून नसेल. दोन दिवस लागले. थॉमस येता-जाता टोमणे मारायचा, "दागिना बनाता है क्या?" माशी मी मुद्दाम थोडी उंच ठेवली. घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.

माशी एका आडव्या खोबणीत घट्ट बसते, ठोकली तर डावी-उजवीकडे सरकते. मी व्हर्निअरने माप घेऊन ती बरोबर मधोमध बसवली. मग खालची गंजलेली बैठक पॉलिश पेपरने घासून आरशासारखी केली. एक ओरखडा ठेवला नाही.

शुक्रवारी सुट्टी. माझी माशी निशाणाला लागताना बघायचीच होती, म्हणून हमूदच्या पिकअपमधून त्याच्या गावी गेलो. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची नेमबाजीची जागा. हमूद चटईवर पालथा पडला आणि पाच गोळ्या झाडल्या.

पाचही हातभर डावीकडे. आणि खाली.

सैफने दुर्बीण खाली ठेवली. अरबीत काहीतरी बोलला. हमूद सावकाश उठला.

"बंदूक अच्छा, मिस्त्री. आँख खलास."

मी निशाणाजवळ चालत गेलो. पाची भोकं माझ्या एका तळव्याखाली झाकली गेली. डोळा गेलेल्या माणसाच्या गोळ्या विखुरतात. याने पाची एकाच ठिकाणी मारल्या होत्या, फक्त ती जागा चुकीची होती.

परत आलो तर चटईवर सैफची रायफल पडलेली, त्याच जातीची. तिच्या माशीच्या बैठकीवर छिन्नीने मारलेली बारीक रेघ होती, आणि माशी मधोमध नव्हे, त्या रेघेवर थोडी बाजूला बसलेली. मी गुडघ्यावर बसून बघितली. तशी रेघ हमूदच्या रायफलीवरही होती. ओरखडा समजून मीच घासली होती. म्हणजे लष्करातले मिस्त्री प्रत्येक रायफल झाडून बघत, तिची गोळी कुठे जाते त्याप्रमाणे माशी सरकवत, आणि बसली की तिथे रेघ मारत. प्रत्येक नळीची खोड वेगळी. मधोमध ही माझ्या व्हर्निअरची समजूत होती, रायफलीची नव्हे.

मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"तुम्हारा आँख ठीक है," मी सैफसमोरच म्हटलं. "इधर निशानी था. मैंने घिस डाला."

"चालीस साल का मिस्त्री?" सैफ म्हणाला.

"हाँ, चालीस साल का."

हमूदने एवढंच विचारलं, "अभी ठीक होगा?"

"शाम तक बैठो. होगा."

पितळी पंच टेकवून हातोडीने माशी उजवीकडे ठोकली. गोळी आणखी डावीकडे गेली. हमूद हसला. "उल्टा, मिस्त्री." गोळी डावीकडे जात असेल तर माशी डावीकडेच सरकवायची. मग ती खाचेत आणताना माणूस नळी आपोआप उजवीकडे वळवतो. मी जन्मात गोळी झाडलेली नव्हती, मला काय माहीत? साठीत शिकलो.

मग एक ठोका, एक गोळी. आडवं बसल्यावर उंची. माशी घासली की गोळी वर चढते. कानशीचे दोन हात, एक गोळी. ऊन चढलं तसा सैफ म्हणाला, "खलास करो." आम्ही दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही. बाविसावी गोळी निशाणाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात लागली. तेविसावी, चोविसावीही. तिथे मी छिन्नीने नवी रेघ मारली.

ईदला हमूद पाचांत उभा राहिला. पाच गोळ्यांतल्या चार लागल्या, असा त्याचा फोन आला. थॉमस म्हणाला, "तुझे बोलने का क्या जरूरत था?" मी शाफ्ट लेथवर चढवला आणि मशिन चालू केलं.

पुढच्या महिन्यात सैफची रायफल पट्टी बदलायला आली. "पॉलिश मत करना," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून जुन्या वस्तूला पॉलिश पेपर लावायच्या आधी मी मालकाला विचारतो, हा ओरखडा कुणी मुद्दाम मारलाय का. बहुतेक वेळा तो नुसता ओरखडाच निघतो. तरी विचारतो.