प्रवचनातली बहीण

फादर उत्तम वक्ते होते आणि त्यांची बहीण हा त्यांचा उत्तम विषय होता.

चर्चच्या मागच्या बैठ्या घरात ती त्यांचं सगळं बघायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. फादर तिच्याहून बरेच लहान, तेही अक्काच म्हणायचे. ती त्यांना चारचौघांत फादर म्हणे आणि घरात बाळ. आई गेली तेव्हा बाळ पाद्री होण्यासाठी सेमिनरीत शिकत होता. त्याला पहिलं चर्च मिळालं तेव्हा अक्का चार दिवस घर लावून द्यायला म्हणून गेली, ती तिथलीच झाली. मग फादरांची बदली होईल तिथे भांड्यांच्या खोक्यांबरोबर तीही जायची.

एका सकाळी बटाटे उकडून ती पाणी ओतत होती. खिडकीतून ऊन आलं आणि वाफेवर पडलं.

"बाळ, बघ रे, वाफ कशी सोन्याची झालीय."

फादरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. पण रविवारी वेदीवरून तेच वाक्य आलं, आणि त्याच्यापुढे आणखी बरंच काही आलं. "माझी बहीण कुठे कुठे गेलेली नाही. तिला जावं लागत नाही. ज्याला देव पातेल्यात दिसतो, त्याने डोंगर कशाला चढायचा?" मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर बायकांनी डोळे टिपले आणि येऊन अक्काचे हात हातात घेतले. त्या हातांना कांद्याचा वास होता, तोही त्यांना आवडला.

ते प्रवचन गाजलं. दुसऱ्या चर्चांतून बोलावणी आली. फादर ते घेऊन मोटारीने गेले, रेल्वेने गेले, एकदा तर विमानाने गेले. वाफ घरी राहिली, प्रवचन हिंडलं.

अक्काची एकच मैत्रीण होती, चर्चची वस्त्रं शिवणारी शिंपीण. तिने एकदा विचारलं, "खरंच गं, तुला असं सगळ्यांत सुंदर दिसतं?"

"दुसरं बघायला होतं काय तिथे?" अक्का म्हणाली. "एकीकडे भिंत, एकीकडे वाफ. भिंतीपेक्षा वाफ बरी."

शिंपीण पोट धरून हसली. अक्का हसली नाही.

अक्काच्या खोलीत एक तसबीर होती. आईने जुन्या कॅलेंडरमधून कापून लावलेली. समुद्राकाठचा डोंगर, त्यावर पवित्र मातेचं पांढरं देऊळ, आणि देवळाच्या बाजूने वर जाणाऱ्या पायऱ्या. चौकट लहान निघाली म्हणून आईने कागदाची उजवी बाजू कापली होती, त्यामुळे पायऱ्या मध्येच संपायच्या. त्या कुठे जातात हे लहानपणी दोन्ही भावंडं एकमेकांना रचून सांगायची. बाळ म्हणे, थेट स्वर्गात. अक्का म्हणे, वेडा आहेस, वर झाड असणार आणि झाडाखाली बाक. आई शेवटपर्यंत जाऊ जाऊ म्हणत राहिली.

म्हणून चर्चने त्या डोंगराची यात्रा काढायचं ठरवलं, तेव्हा अक्काने पहिल्याच रविवारी नाव दिलं. घरात काही बोलली नाही. जाड तळव्याचे बूट घेतले आणि ते पायात रुळावेत म्हणून रोज संध्याकाळी चर्चच्या आवारात फेऱ्या मारू लागली. गुडघे कुरकुरायचे. ती त्यांना म्हणायची, "थोडे दिवस गप्प बसा. मग काय रडायचं ते रडा."

बस भरली आणि मग फर्निचरवाल्याच्या बायकोला यात्रेची आठवण झाली. चर्चमधले नवे बाक त्या घरातून आलेले, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. समिती बसली. समितीचा प्रमुख बँकेतून निवृत्त झालेला, त्याला सगळे मॅनेजर म्हणत. कोणाला थांबवायचं यावर घोळ चालला होता, तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "अहो, एवढा खल कशाला? अक्का आहेत की. त्यांना कुठे जायची गरज आहे? फादर नेहमी सांगतातच."

सगळे मायेने हसले. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. इतकी वर्षं रविवारी जे कानावर पडलं, ते त्यांनी खरं मानलं, एवढंच. फादर तिथेच बसले होते. ते चहाच्या कपात बघत म्हणाले, "अक्का समजून घेईल."

अक्काला हे कळलं ते शिंपिणीकडून, आणि तेही अभिनंदन म्हणून.

"मोठ्या मनाची गं तू! मी तर बाई कुणाला दिली नसती."

"काय?"

"सीट."

अक्काने हातातली कात्री खाली ठेवली. "कुणाला दिली मी?"

शिंपिणीचा चेहरा पडला. "म्हणजे तुला विचारलं नाही कुणी?"

त्या संध्याकाळी फादर जेवायला बसले, तेव्हा अक्काने त्यांना वाढलं आणि ती समोर बसली. एरवी ती उभीच असायची.

"बाळ, मला डोंगरावर जायचं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"नाव दिलं होतं. ते काय मुकेपणाने दिलं?"

"अक्का, बाईंना दुखवणं बरं दिसलं नसतं. पुढच्या वर्षी मी स्वतः नेईन तुला. आणि खरं सांगू? आम्ही इतक्या लांब जाऊन जे शोधणार, ते तुझ्याकडे इथेच आहे."

"हे प्रवचन झालं. मी जेवताना बोलतेय."

फादर गोरेमोरे झाले. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "त्या पायऱ्यांचा फोटो काढून आणतो तुझ्यासाठी. चालेल?"

अक्का उठली आणि तिने त्यांचं ताट उचललं. ताटात अजून अन्न होतं.

त्या चर्चमध्ये एक रीत होती. कोणी प्रवासाला निघालं की सकाळच्या मिस्सेत त्यांच्यासाठीच्या विनंत्या मागे राहणाऱ्यांपैकी एकाने वाचायच्या. या वेळी अर्थातच अक्काचं नाव निघालं. यात्रेच्या सकाळी फादरांनी प्रवचनात तिच्या त्यागाची गोष्ट सांगितली. स्वखुशीने, हसतमुखाने, असे शब्द आले. लोक माना वळवून तिच्याकडे बघू लागले. फर्निचरवाल्याच्या बायकोने लांबूनच हात जोडले.

अक्का पुढे गेली. माईक तिच्यासाठी उंच होता, तो कोणीतरी खाली केला.

"चालकाचे डोळे जागे राहोत म्हणून आपण प्रार्थना करू या."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," लोक म्हणाले.

"वाटेत कोणी आजारी पडू नये म्हणून आपण प्रार्थना करू या."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

कागदावरचं संपलं. अक्काने कागदाची घडी घातली आणि त्याच सुरात म्हणाली, "ज्यांची जागा त्यांना न विचारता दुसऱ्याला दिली, आणि वर त्यांनीच ती दिली असं ज्यांच्याविषयी सांगितलं, त्यांच्या मनातला राग जावा म्हणून आपण प्रार्थना करू या."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळं चर्च एका आवाजात म्हणालं. मॅनेजरांचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. फर्निचरवाल्याच्या बायकोने डोळे मिटून म्हटलं. सवयीने तोंडं उघडली, सवयीने मिटली. मान वर झाली ती एकट्या फादरांची.

बसजवळ त्यांनी तिला बाजूला घेतलं. "लोकांसमोर हे बरं नव्हे, अक्का."

"मी देवाला सांगितलं. लोक मध्ये बसले होते."

"कोणी ऐकलं असतं तर?"

"तीच तर आशा होती," अक्का म्हणाली. "जा. बाई खिडकीशी बसल्यात, त्यांना बस लागते म्हणे. पिशवी जवळ ठेवा."

यात्रा छान झाली. फादरांनी फोटो आणला नाही, तिनेही मागितला नाही. त्यानंतर प्रवचनात अक्का आली नाही. तिच्या जागी बसचा चालक आला, मग एक आंधळा पेटीवाला आला. काही जण म्हणू लागले, अक्का हल्ली तुटक बोलतात, चेहऱ्यावरचं ते तेज राहिलं नाही. अक्का रोज मिस्सेला बसायची आणि विनंत्यांच्या वेळी ओठ मिटून घ्यायची.

वर्ष उलटलं. मॅनेजर स्वतः घरी आले, टोपी हातात घेऊन. "अक्का, या वेळी सगळ्यांत आधी तुम्हाला विचारतोय. चालकाच्या मागची सीट. येणार ना?"

अक्का स्टुलावर बसून होती. उजवा गुडघा त्या हिवाळ्यात सुजला तो उतरला नव्हता, चर्चच्या दोन पायऱ्याही आता ती कठड्याला धरून चढायची. मॅनेजरांना ते रोज दिसत होतं आणि तरी ते मनापासून विचारत होते.

"नाही जमायचं आता," ती म्हणाली.

मॅनेजर हळहळले आणि लगेच हळवे झाले. "खरं म्हणजे, अक्का, तुम्हाला कुठे जायची गरजच..."

"मॅनेजर," अक्का म्हणाली, "मला गरज होती. गुडघे गेले म्हणून येत नाही. विचारतील त्यांना तेवढंच सांगा, पुढे काही जोडू नका."

मॅनेजरांनी मान हलवली आणि टोपी घातली. आतल्या खोलीतून फादरांनी हाक मारली, "अक्का, कोण आलंय?"

ती भिंतीला धरून उठू लागली. उठायला तिला वेळ लागत होता, आणि फादर काही बाहेर आले नाहीत.