‘पिऊ नये’ पाटीची पाणपोई

कल्पना करा, रोज सकाळी शाळा उघडली की तुम्हाला एका स्टीलच्या पाणपोईचं बटण दाबून उभं राहायचं आहे. नळीत पाणी साचून कुजू नये म्हणून ते थोडा वेळ वाहू द्यायचं, नळाखालचं भांडं फडक्याने लख्ख पुसायचं, आणि वरची ‘पिऊ नये’ ही पाटी वाकडी झाली असेल तर सरळ करायची. स्पेनमधल्या व्हालदेसेका गावच्या शाळेत शिपाई असलेली फुएनसांता हे काम इमानेइतबारे करायची.

तिच्या नावाचा अर्थ पवित्र झरा. टँकरच्या रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या बायका तिला चिडवायच्या, “अगं, नावाला जाग की जरा.”

धरणाचा तळ उघडा पडल्यापासून गावच्या नळांना चिखलाच्या वासाचं पाणी यायचं. ते धुण्याला चालायचं, पोटाला नाही. टँकरचं पाणीही कॅनमध्ये तापून नकोसं व्हायचं. फुएनसांताची मुलगी आरासेली तेव्हा लहान होती. पेला पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. तहानेने मलूल झालेली पोर बघवेना, म्हणून फुएनसांतानेच तिला संत्र्याचं कोल्ड्रिंक दिलं. पोर गटागटा प्यायली. तेव्हापासून घरात तेच चालू राहिलं.

आरासेली दहा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, वजन असंच वाढत राहिलं तर मधुमेह हिला लवकर गाठेल. त्याच वर्षी प्रांताच्या सरकारने मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध कायदा केला. शाळांतली कोल्ड्रिंकची यंत्रं हटणार, आणि प्रत्येक शाळेत प्यायच्या पाण्याची फुकट सोय होणार. फुएनसांताला वाटलं, हा कायदा आपल्या पोरीसाठीच झाला.

यंत्र गेलं. पाणपोई आली, आणि गावच्याच नळाला जोडली गेली. पाणी तपासलं, पाटी लागली.

प्रांताच्या राजधानीतून, सेव्हियाहून, तपासणीला अधिकारी बाई आल्या, तेव्हा फुएनसांताने धीर करून त्यांना गाठलं.

“पाणपोई आहे, यंत्र काढलंय,” बाई समजुतीने म्हणाल्या. “शाळा कायद्यात बसते.”

“पण पाणी?”

“ते आमच्या खात्याकडे येत नाही.”

त्या गेल्यावर मुख्याध्यापक आन्सेल्मो हसले. “वाटणी झालीय, फुएनसांता. नळ सरकारने द्यायचा, पाणी देवाने.”

मुलं आता दप्तरातून कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणू लागली. फुएनसांताने घरी कोल्ड्रिंक आणणं बंद केलं, तर आरासेली वर्गात मैत्रिणींकडे घोट-घोट मागत फिरू लागली. पोरी तिला ‘घोटवाली’ म्हणायला लागल्या. हे कानावर आलं आणि फुएनसांताने मुकाट्याने पुन्हा बाटल्या आणल्या. लेकीने हात पसरलेला तिला सोसवला नाही.

पुढे एका वसंतात धरण भरलं. पाणी तपासून आलं, चांगलं निघालं, पाटी उतरली. फुएनसांता आरासेलीला शाळा भरायच्या आधीच घेऊन आली, आणि स्वतः बटण दाबून धरलं. आरासेली वाकली, तोंडभर पाणी घेतलं, क्षणभर धरलं आणि हळूच भांड्यात सोडून दिलं.

“वास येतोय?”

“नाही.”

“मग?”

“यात काहीच नाहीये, आई.”

फुएनसांताने ओंजळीने पिऊन पाहिलं. “गोड आहे की गं पाणी.”

“हे? गोड?” आरासेली खरंच चकित झाली होती. आईची थट्टा करावी असं तिच्या मनातही नव्हतं.

मधल्या सुट्टीत एक-दोघांनी बटण दाबून एकमेकांवर पाणी उडवलं. पिण्यासाठी सगळ्यांनी बाटल्याच उघडल्या.

त्याच आठवड्यात कायद्याप्रमाणे मुलांची वजनं करायला नर्स आली. आरासेलीचं वजन आणखी वाढलेलं होतं. आता गावात पाणी आलंय ना, मग तेच पाजा, असं नर्सने बजावलं. फुएनसांताने मान डोलावली. आरासेलीला वर्गात पाठवलं आणि नर्सने काटा पिशवीत भरेपर्यंत ती दारातच थांबली. मनातला प्रश्न तिने आधी औषधांच्या दुकानदाराला विचारला होता, आन्सेल्मो सरांनाही विचारला होता. दोघांनी विषय बदलला होता.

“ताई, पाणी पाजेन मी. पण तिला पाण्याचीच तहान लागावी, असं पुन्हा कधी होतं का हो?”