आईने वरून पाहिलेली जत्रा

कुणकेश्वरच्या जत्रेत आमचं खाज्याचं दुकान असायचं. वडिलांच्या आजोबांपासून चालत आलेलं. महाशिवरात्रीला आठवडा राहिला की घरात बेसनाच्या कांड्या तळायला घ्यायच्या, त्या डब्यांत भरायच्या आणि गूळ, आलं, कढया, चुलीचे दगड असं सगळं बैलगाडीत चढवून निघायचं. आमचं गाव आचऱ्याच्या बाजूला. पहाटे निघालं की दिवस कलताना कुणकेश्वर. कांड्या घरून तळलेल्या, पण गुळाचा पाक मात्र दुकानातच करायचा. उकळत्या पाकात कांड्या घोळवताना आल्याचा जो वास सुटतो, त्या वासावरच गिऱ्हाईक थांबतं, असं वडील म्हणत.

लग्न होऊन आल्यापासून आई दरवर्षी त्या जत्रेला जात होती, आणि तिने जत्रा कधी पाहिलेली नव्हती. हे मला फार उशिरा कळलं. मी सतराएक वर्षांची असेन तेव्हा. गावातल्या एका बाईने आईला जत्रेतल्या आकाशपाळण्याबद्दल विचारलं, "यंदा पाळणो इल्लो काय गो?" तर आई म्हणाली, "असतलो. आवाज येय होतो." तिला जत्रेतलं दिसायचं ते एवढंच: तराजू, पुढ्यातले हात, आणि हातांच्या मागे माणसांची भिंत. देऊळ पाठीमागे होतं, समुद्र उजव्या हाताला होता, पण दुकान सोडून जाणार कोण?

आमची जागा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारी. घाटी उतरून येणारी वाट देवळापाशी वळते आणि तिथूनच एक फाटा खाली पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, जातो. त्या वळणावरच आमचं दुकान. देवळात जाणारे, दर्शन घेऊन येणारे, समुद्रावर निघालेले, सगळे आमच्या पुढ्यातूनच जायचे. खपाला याहून चांगली जागा नाही. पण त्याच वर्षीच्या जत्रेत एका गावच्या देवाची पालखी ढोलताशांसकट वळणावर आली, माणसं वाट द्यायला म्हणून बाजूला सरली, आणि सरायला जागा नव्हती म्हणून सगळी गर्दी आमच्या दुकानावर आली. पुढचा बांबू मोडला. कढई कलंडली. वडिलांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आईने त्या गडबडीत एका परक्या लहान मुलीला हाताला धरून दुकानाच्या फळीखाली ओढलं, नाहीतर काय झालं असतं ते बोलवत नाही. त्या मुलीची आई तिला न्यायला धावत आली. ती नुसती आमच्या आईचे हात धरून उभी राहिली होती.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही एक दिवस आधी निघालो. वडिलांना यंदा दुकान भक्कम बांधायचं होतं. बांबूऐवजी माडाचे वासे, पुढे आडवी दांडी, तिला काथ्याची दुहेरी दोरी. गर्दी आली तरी हलता कामा नये.

आम्ही पोचलो तर जत्रा अजून उभी राहत होती. मी जत्रा अशी कधी बघितली नव्हती. माणसं थोडी, सामान जास्त. बांगडीवाले गोणपाट झटकत होते. कोणी खड्डे खणत होतं, कोणी चुली लावून पेज शिजवत होतं. देवळाची दीपमाळ खालपासून वरपर्यंत दिसत होती, आणि समुद्राचा आवाज ऐकू येत होता. जत्रेच्या दिवशी तो कुठे जातो कोण जाणे.

वडील वासे पुरायला लागले. आई आणि मी पाणी आणायला म्हणून निघालो, आणि पुळणीच्या कडेला लाकडी आकाशपाळणा उभा होता तिथे थांबलो. पाळणेवाले घाटावरचे, कोल्हापूरकडचे. तेव्हा पाळणा हातानेच फिरवत. दोन गडी लाकडांवर चढून अंगाच्या भाराने तो खाली ओढायचे. त्या वेळी पाळण्यांत वाळूची पोती घालून ते चाचणी घेत होते. म्हातारा मालक आसाला तेल घालत होता. आई मान वर करून बघत राहिली.

"मावशी, बसता का?" म्हातारा म्हणाला. "फुकट. पोती काय बोलत न्हाईत. माणूस बसल्याबिगार कुठं करकरतंय ते कळत न्हाई."

"माका?" आई दचकली. "माझ्या वयाक ह्या शोभता काय?"

"आत्ता हितं कोण बघतंय? उद्या या म्हणालं तरी तुमचा नंबर लागायचा न्हाई."

आईने मागे वळून दुकानाकडे बघितलं. वडील पाठमोरे होते. तिने कळशी वाळूत ठेवली, पदर कमरेला खोचला आणि माझ्याकडे न बघताच पाळण्यात जाऊन बसली. मी धावत जाऊन तिच्या समोर बसले.

पाळणा वर जायला लागला तसे तिने डोळे गच्च मिटले. दोन्ही हातांनी कड धरली. ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी. एक फेरा झाला, दुसरा झाला. मग आम्ही अगदी वर असताना म्हाताऱ्याने खालून हाक दिली, "थांबा रे! ह्या अंगाला तेल पायजे." आणि पाळणा वरच थांबला.

"गे आये, डोळे उघड," मी म्हटलं.

"उघडतंय. वायच थांब."

तिने आधी एक उघडला, मग दुसरा. समोर समुद्र होता, पार मिठमुंबरीच्या टोकापर्यंत. त्यावर शिडाच्या होड्या. तिने तिकडे बराच वेळ बघितलं. मग हळूच मान वळवून खाली बघितलं आणि म्हणाली, "अगो बाय, ह्या सगळा इतक्यातच आसा?"

तिला वाटलं होतं जत्रा फार मोठी असेल. वरून ती ओंजळीएवढी दिसत होती. देऊळ, घाटीची वाट, दोन्ही बाजूंनी दुकानांचे सांगाडे. आणि त्या वळणावर त्याच वेळी दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या. एक सामान टाकून परत निघालेली, दुसरी येणारी. गर्दी अजिबात नव्हती, पण एका बाजूला घाटीची दरड आणि दुसऱ्या बाजूला देवळाच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून वडिलांनी नुकतेच पुरलेले वासे. गाड्या अडकल्या. गाडीवान एकमेकांवर ओरडायला लागले. वडील हातातला कोयता तसाच धरून त्यांना मागे घ्यायला सांगत होते.

आई बघत होती. आता तिचे हात कडेवरून सुटले होते.

"बघलंस?" ती म्हणाली. "थंयच अडाकता. माका वाटायचा लोकच येडे, आमच्या अंगार येतत. ते खंय येतत? आपणच तेंका अडवतांव."

खाली उतरली ती कळशी विसरूनच थेट दुकानाकडे गेली. वडिलांना म्हणाली, "हे वासे काढा. आपण हयसर नको."

वडिलांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते कोयता खाली टाकून बसले. "माझ्या आज्यापासूनची जागा ती! लोकांका डोळे मिटून आमचा दुकान गावता."

"डोळे मिटून येतत म्हणानच कढई पडता," आई म्हणाली. "वासे भक्कम केलास तर तुमी वाचतलास. पण वाशांवर जी माणसा येवन आपाटतली, तेंचा काय? गेल्या वर्सा निदान बांबू मोडलो तरी."

वडिलांनी बाही वर सारली. आपल्या भाजलेल्या हातावरची गुलाबी कातडी बघत राहिले. मग म्हणाले, "तुका काय करूचा ता कर. खप झालो नाय तर माका सांगा नको."

जागा वाटून देणारे गावचे मानकरी देवळाच्या पायरीवर बसले होते. आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागे. तिने सांगितलं, आम्हाला वळण नको, पलीकडे माडांपाशी मागे सरकून जागा द्या.

मानकऱ्यांनी तिच्याकडे नीट निरखून बघितलं. "गो बाये, त्या जागेसाठी माणसा माझ्या दारात येवन बसतत. आणि तू म्हणतंस, माका नको?"

"माका नको, आणि दुसऱ्या कोणाकय देव नकात. मोकळीच ऱ्हवांदे."

"मोकळी ऱ्हवात काय ती? सकाळ व्हयसर कोणतरी टोपली घेवन बसतलोच."

आईने वळणाकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "मगे थंय देवाचा निशाण लावा. निशाणाच्या जागेर कोण बसता?"

मानकरी हसले, पण त्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही. उठून स्वतः वळणापर्यंत आले. गडग्यापाशी उभे राहून वर घाटीकडे बघितलं, खाली पुळणीकडे बघितलं. आदल्या वर्षीची पालखी त्यांच्याही डोळ्यांपुढे असणार. संध्याकाळी देवळातला एक माणूस लांब काठीला बांधलेलं भगवं निशाण घेऊन आला, आणि ते त्याने बरोबर आमच्या चुलीच्या जागेवर, मागे गडग्याला टेकवून रोवलं.

शिवरात्रीचा दिवस उजाडला. घाटीवरून माणसं उतरायला लागली ती थांबेचनात. कोणी गाड्यांनी, कोणी रात्रभर चालत, मालवणकडचे काही होड्यांनी. आणि आमचं दुकान रिकामं. माडांपाशी आम्ही बसलो होतो, पाक उकळत होता, वडील कांड्या घोळवत होते, आणि माणसं लांबून निघून जात होती. वडील दर थोड्या वेळाने आईकडे बघायचे आणि पुन्हा कढईत बघायचे. ते बोलले असते तर बरं झालं असतं. आईने तराजू पुसून पुसून लख्ख केला. मला तिची फार काळजी वाटली. मीच तिला डोळे उघड म्हणाले होते.

दुपार टळल्यावर ढोल ऐकू आले. पहिली पालखी घाटी उतरत होती. आई उठून उभी राहिली. वडीलही उठले. पालखी वळणावर आली, तिच्यापुढे देवाचे तरंग, लुगडी गुंडाळलेल्या उंच काठ्या, नाचत होते, माणसांनी वाट द्यायला अंग आखडलं, आणि सगळा लोट आमच्या जुन्या जागेकडे कलला. लोट त्या मोकळ्या तुकड्यात शिरला, तिथे क्षणभर मावला, आणि पालखी पुढे गेल्यावर पुन्हा वाटेला लागला. कोणी पडलं नाही. कोणी ओरडलंही नाही. ज्यांचा हात सुटला होता ते निशाणाखाली उभे राहून एकमेकांना हाका मारत होते. एक म्हातारा तिथेच टेकून चपलेचा अंगठा बांधत होता, जणू आपल्या घरच्या पडवीत बसला आहे.

"गेली," वडील म्हणाले. एवढंच. पण त्यांनी ते आईकडे बघून म्हटलं.

त्यानंतर माणसं आमच्याकडे यायला लागली. गर्दीतून सुटलेला माणूस आधी सावली शोधतो, आणि सावली माडांखाली होती. ते यायचे, घाम पुसायचे, आल्याच्या वासाने हसायचे. "वळणावरचे तेच ना तुमी?" विचारायचे. कोणाला घाई नव्हती. आई पहिल्यांदाच गिऱ्हाइकांची तोंडं बघून बोलत होती, कुठलं गाव, पोरं किती, उपास आहे का. उपासवाले उद्या उपास सोडल्यावर खायला म्हणून बांधून घेत होते. अंधार पडला आणि गॅसबत्त्या लागल्या तरी माणसं येतच होती. वळणावर असताना जेवढा खप व्हायचा तेवढा झाला की नाही, मला ठाऊक नाही. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालख्या समुद्रस्नानाला निघाल्या. वडिलांनी आईच्या हातातली मापं काढून घेतली.

"जा," ते म्हणाले. "चेडवाक घेवन जा. बघून ये."

"आणि दुकान?"

"दुकान पळता काय खंय?"

आम्ही दोघी गर्दीत शिरलो. पहिल्या धक्क्याला आई इतकी घाबरली की तिने माझा पदरच मुठीत धरला. गर्दी तिने जन्मभर पलीकडून पाहिलेली, आतून कधीच नाही. पण थोड्या वेळात तिला ते जमलं. "धक्को इलो की अडान उभ्या रवाचा नाय," ती मला सांगायला लागली, "तेच्यावांगडा वायच पुढे जावचा, आणि मगे कडेक सरकाचा." तिच्या दुसऱ्या बाजूला एक गरोदर बाई होती, तिलाही तिने दंडाला धरून तसंच कडेकडेने काढलं. तिघी मिळून आम्ही पुळणीवर पोचलो.

तिथे समुद्राच्या काठाने माणसंच माणसं. पालख्या पाण्यात उतरत होत्या. लाट आली की भोई कमरेपर्यंत भिजायचे आणि सगळी पुळण एकदम आवाज करायची. आई माझा पदर सोडून पुढे गेली, गुडघाभर पाण्यात. तिच्याजवळून एक पालखी गेली, इतकी जवळून की तिने नुसता हात लांब केला आणि तिची बोटं पालखीच्या दांडीला लागली. तिने ती बोटं कपाळाला लावली आणि ओलीचिंब उभी राहून हसली.

परत आलो तेव्हा वडील कढया घासत होते. "काय काय बघलंस?" त्यांनी विचारलं. आई सांगायला लागली. तरंगांना गुंडाळलेली लुगडी कसली होती, भोयांनी लाटेत पाय कसे रोवले, मालवणच्या एका होडीचं शीड कसं फाटलेलं होतं. गाडी भरून झाली, बैल जोडले, घाटी चढलो, तरी तिचं सांगणं चालूच. वडील मधूनमधून "मगे?" एवढंच विचारत होते.

घाटीच्या माथ्यावर बैलांना विसावा द्यायला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "फुडल्या वर्सा तू बस दुकानार. माकाय बघूक व्हयी जत्रा."

आणि पुढल्या वर्षी ते खरोखरच गेले. नवं धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून, पाहुण्यासारखे. आई तराजूमागे बसली होती, मी कांड्या घोळवत होते, आणि ते इतका वेळ आले नाहीत की शेवटी आम्ही दोघी हसायलाच लागलो.