दुखवटा काढायला समुद्रावर

हे गेले आणि मी रडले नाही. दवाखान्यात नाही, घरी आणलं तेव्हा नाही, तेराव्यालाही नाही. सगळ्यांना त्याचीच काळजी. भेटायला आलेली प्रत्येक बाई आधी माझं तोंड न्याहाळायची, मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्या नणंदेला हळूच विचारायची, "रडली का गो?" आजारी पोराला परसाकडे झालं का विचारतात, तसं.

मला काहीच वाटत नव्हतं, खोटं कशाला सांगू? भूक लागली की जेवायचे, झोप आली की झोपायचे. लोक बोलायचे ते ऐकू यायचं, पण ते दुसऱ्याच कोणाला तरी सांगतायत असं वाटायचं.

मग चिपळूणहून दादा आणि वहिनी दुखवटा काढायला आले. दुखवटा काढायचा म्हणजे माहेरच्यांनी साडी द्यायची, गोड खाऊ घालायचं आणि माणसाला एकदाचं घराबाहेर काढायचं. साडी झाली, शेवयांची खीर झाली. बाहेर म्हणजे खरं तर देवळात. मी म्हटलं, देवळात यायची नाही. का, ते मलाही सांगता आलं नसतं. मग समुद्रावर जाऊ म्हणाले, आणि कुठल्या समुद्रावर यावरून माझ्यासमोरच वाद लागला.

दादाचं म्हणणं गणेशगुळे. पावसच्या पुढे, चिटपाखरू नसतं. "तिथे मोकळी होईल ती," म्हणाला. नणंदेला मांडवी हवी होती. गावातच आहे, माणसं दिसतील, भेळ खाऊ, तेवढाच जीव रमेल.

"ताई, मांडवीवर अर्धं रत्नागिरी भेटायचं," वहिनी म्हणाली. "नवरा जाऊन महिना नाही झाला आणि बाई भेळ खात्येय, असं नको व्हायला."

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "कुठेही" म्हटलं असतं.

गणेशगुळ्याला खरंच कोणी नव्हतं. ओहोटी लागलेली. तिघांनी मला पाण्यापर्यंत नेलं आणि एकेक करून मागे सरकली. सुरूच्या सावलीत चटई टाकून बसली. माझं तोंड पाण्याकडे, त्यांचं माझ्या पाठीकडे. म्हणजे आता रडायचं, हे मला कळलं. मी प्रयत्नही केला, देवाशपथ. ह्यांचा शेवटचा चेहरा आठवला, नाकातली नळी आठवली. काही नाही. चपलेत वाळू गेली होती ती टोचत होती, एवढंच. तेव्हा मात्र मी घाबरले. आपण आता कायमच्या अशाच राहणार की काय, लाकडासारख्या?

मी मागे वळून म्हटलं, "मला मांडवीला न्या."

वहिनीचं तोंड बघण्यासारखं झालं. दादा चटई झटकू लागला.

मांडवीवर रविवारची गर्दी. पोरं, फुगे, बर्फाचे गोळे, जो तो मोबाईल वर धरून फोटो काढतोय. दादा म्हणाला, तू बस, मी भेळ आणतो. मी ऐकलं नाही, स्वतः रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला आणि कुठून तरी एक गॉगलवाली बाई मध्ये घुसली. "भैया, चार तिखट, जरा पटकन."

"ओ बाई, आम्ही काय इथे गणपती बघायला उभे आहोत?"

"काकू, चिल! भेळच आहे ना?"

झालं! मला राग आला. पोटातून आला, खरा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. जीभ माझी मुळातच फटकळ, ती सुटली. रांग म्हणजे काय, घरी आईने काही शिकवलं की नाही, पैसे असले म्हणजे समुद्र विकत मिळतो काय, सगळं काढलं. तीही आधी उलट बोलली. मग "सॉरी काकू" म्हणाली. भेळवाल्याने पुडा माझ्यापुढे धरला, तो मी घेतला नाही. लोक थांबून बघायला लागले. दादा, वहिनी, नणंद माझ्या मागेच होती, पण माझ्या अंगाला हात लावायची कोणाची छाती होईना. "बोलू दे, बरं असतं," असं नणंद कुजबुजलेली मला ऐकू आलं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मी डावं कोपर अंगापासून जरा लांब धरून उभी आहे. बाजारात, एस्टीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही माझं भांडण जुंपलं की हे मागून यायचे, त्या कोपराला धरायचे आणि "पुरे गो, चल" म्हणत ओढून न्यायचे. मग मी वाटभर ह्यांच्यावरच चिडायचे, माझं बोलणं अर्धं ठेवलंत म्हणून. लग्न झाल्यापासून एकही भांडण मी माझं मी मिटवलेलं नाही.

ती बाई केव्हाच निघून गेली होती. ती उभी होती त्या जागेकडे बघत मी अजून बोलतच होते, कारण थांबायचं कसं ते मला येत नव्हतं.