भगवंता माळ्याची झडती

भगवंता माळी तापट आहे, असं गावात कोणीही सांगितलं असतं. साफ खोटं. अकोल्याच्या बाजारात त्याची वांग्याची पाटी कोणी लाथेनं उलटवली, तरी तो हसून वांगी वेचायचा आणि वर त्यालाच विडी द्यायचा. त्याला राग यायचा तो एकाच माणसाचा, आणि तो माणूस कधीचाच मरून गेला होता. मेलेल्या माणसावर एवढा राग कशाला धरावा, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला?

हिवरखेडच्या वाटेवर त्याचं गाव, आणि गावाच्या मधोमध संपतराव देशमुखाची गढी. इंग्रज दूर अकोल्याला होता, इथं सरकार म्हणजे देशमुख. गढीपुढून जायचं तर पायतन हातात घ्यायचं, मग ऊन असो की चिखल. भगवंताचा बाप डोमाजी एकदा बाभळीचा काटा मोडलेला पाय फडक्यात गुंडाळून तसाच पुढं गेला. काटा सलत होता म्हणून त्यानं पायतन काढलं नाही, एवढाच गुन्हा. देशमुखानं त्याला वैशाखाच्या उन्हात, गढीच्या दारात, तेच पायतन डोक्यावर ठेवून दिवस मावळेपर्यंत उभं केलं. सारं गाव खाली मान घालून बाजूनं जात राहिलं.

त्यानंतर डोमाजीनं पायात काही घातलंच नाही. जे डोक्यावर ठेवलं ते पायात कसं घालू, म्हणायचा. पुढं मळ्यात गंजका खिळा रुतला, धनुर्वात झाला आणि म्हातारा गेला. गाव म्हणालं, डोमाजी खिळ्यानं मेला. वा रे गाव! खिळा कोणी ठोकला ते मात्र कोणी बोललं नाही.

बोलला तो भगवंता. आमच्याकडं पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली जमले की झडत्या म्हणतात. चार ओळींची टोमणेबाज कविता असते, ती ऐकून सारं गाव 'हर हर महादेव' म्हणतं. गावानं साथ दिली तर झडती खरी, नाहीतर ती वाऱ्यावर गेली. आणि रीत अशी, की तोरणाखाली बोललेल्या शब्दाचा डूख कोणी धरायचा नाही, मग तो पाटील असो की देशमुख. बाप गेला त्या वर्षी मिसरूडही नीट न फुटलेला भगवंता पुढं झाला, आणि देशमुखाच्या तोंडावर म्हणाला:

वरतं तापे सुर्व्या, खालतं तापे गढी,
डोमाजीच्या डोक्यावर पायतनाची पगडी.
सुर्व्या बुडे सांजले, गढी बुडन कवा?
मुका बैल पुसते, सांग महादेवा!

देशमुखाचं तोंड काळंठिक्कर पडलं. पण रीत ती रीत. त्यानं मिशीवर ताव दिला, कसनुसं हसला आणि गावाबरोबर 'हर हर महादेव' म्हणाला. तेव्हापासून दर पोळ्याला भगवंता तीच झडती म्हणत आला. देशमुख मेला, इंग्रज गेला, तरी झडती चालूच होती.

पण मेलेल्या माणसाचं पाप मातीत गाडलं की त्यावर गवत उगवायला वेळ लागत नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशमुखाचं नाव काढलं तर म्हातारी माणसं थुंकत. चार-पाच वर्षांनी तीच म्हणू लागली, कडक होता बुवा. मग म्हणू लागली, कडक होता पण न्यायी होता. महागाई वाढली, धान्यासाठी रांगा लागल्या, तसा देशमुख आणखी चांगला होत गेला. तो मेला होता, त्याला आता काही करावंच लागत नव्हतं! आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, भगवंताचा थोरला भाऊ किसनरावच पारावर बसून सांगू लागला, "शिस्त होती बाप्पा तवा. लोकं दारं उघडी टाकून झोपत."

ज्याच्या बापाला उन्हात उभं केलं, त्यानं हे म्हणावं? भगवंतानं भावाशी बोलणं टाकलं. एका मळ्याला पाणी देताना दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे राहायचे.

बासष्ट साली देशमुखाचा मुलगा जानराव पंचायत समितीत निवडून आला. दोन वर्षांत त्यानं गावात शाळेची इमारत आणली, हे खरंच आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण शाळेला नाव ठरलं बापाचं, आणि पाटी उघडायला मुहूर्त काढला पोळ्याचा. देशमुखाचं चरित्र लिहायला बसले चिंतामण मास्तर. अमरावतीच्या राजापेठेतले, भल्या घरचे, इतिहास शिकवणारे. भगवंता त्यांना जाऊन भेटला आणि हे काय लिहून राहिले, असं त्यानं विचारलं.

मास्तर वाईट माणूस नव्हते. ते अवघडले, मग त्यांनी इतिहास काढला. चंगेजखानानं शहरंच्या शहरं कापली, पण त्याच्या मुलखात त्याचं नाव आदरानं घेतात. नेपोलियनपायी लाखो मेले, त्याच्या कबरीवर घुमट आहे. फार कशाला, हिटलरला मरून वीस वर्षं झाली नाहीत, तर अमरावतीच्या कॉलेजातली मुलं आतापासून म्हणतात, देशाला असाच एक पाहिजे. काळ गेला की सगळ्यांची धार जाते, असं मास्तर म्हणाले.

भगवंतानं सारं ऐकून घेतलं. "मंग त्या मुलखाइत कोणी डोमाजी नसतीन का, मास्तर? का त्याइचे पोरं बी पारावर बसून शिस्त सांगतात?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मग चरित्राचा कागद पुढं ओढला.

पोळ्याच्या आधी जानराव स्वतः मळ्यात आला. मोठ्या गोडीनं बोलला. यंदा पाहुणे येणार आहेत, तेवढी एक झडती राहू द्या, दुसरी कोणतीही म्हणा, म्हणाला. जित्या देशमुखानं जे ऐकून घेतलं, ते मेलेल्या देशमुखाला चालेना! आणि म्हणे स्वराज्य आलं. भगवंतानं फावड्यानं पाण्याचा दांड मोडला आणि पाणी दुसऱ्या वाफ्याला लावलं. तेवढं बोलला, की तोरण काही तुझ्या बापानं बांधलं नाही.

पोळ्याला शाळेपुढंच तोरण बांधलं होतं. मंडप, हातात धरून बोलायचा कर्णा, खुर्च्या. गावातला जुना माणूस म्हणून किसनराव फेटा बांधून पाहुण्यांशेजारी बसला होता. भगवंता बैल घेऊन पुढं झाला आणि त्यानं खड्या आवाजात झडती म्हटली, एक शब्द इकडचा तिकडं न करता.

गाव गप्प. साथ द्यायला एकाचाही ओठ हलला नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं 'हर हर महादेव' म्हटलं होतं, ते आपापल्या बैलांची शिंगं पाहत राहिले.

जानराव मात्र हसला. त्यानं कर्णा जवळ ओढला. "पाहा मंडळी, हे होतं आमच्या वडलांचं, दादासाहेबांचं मोठेपण! असली झडती त्याइनं दरसाल हसून ऐकली. गरिबाले एवढी मोकळीक कोण्या राजानं देल्ली?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भगवंताच्या अंगाची लाही लाही झाली. बापाच्या नावानं त्याच्याजवळ एवढ्या चार ओळी होत्या, त्यासुद्धा चोरट्यांनी उचलून देशमुखाच्या फेट्यात खोवल्या. मोकळीक पोळ्याची होती, तुझ्या बापाची नव्हती, असं तो बेंबीच्या देठापासून ओरडला. पण कर्णा जानरावाजवळ होता.

तेवढ्यात किसनराव उठला. भाषण करायचंय असं वाटून कोणीतरी कर्णा त्याच्या तोंडाशी धरला.

"बाबा पाणी मांगत होते," तो म्हणाला. "तांब्या माह्या हातात होता. देशमुख म्हने, पाज, पन मंग तू बी बाजूले उभा राह्य. म्या तांब्या खाली ठेवला अन् घरी गेलो. मोकळीक कोठी होती?"

भगवंतानं हे उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. शिस्तीच्या त्या साऱ्या गोष्टी भाऊ स्वतःलाच सांगत होता, हे त्याला आत्ता कळलं.

जानरावानं हळूच कर्णा काढून घेतला. काकांना जुन्या आठवणीनं भरून आलं, असं सांगितलं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या! मग पडदा सरकला, पाटी उघडली, वाजंत्री सुरू झाली. अजूनही ती पाटी आहे तिथंच आहे.

किसनराव खाली उतरला आणि भगवंताच्या बैलांजवळ येऊन उभा राहिला. फेटा त्यानं काढून काखेत धरला होता.

"म्हन," तो म्हणाला. "पुन्हा म्हन."

वाजंत्रीच्या कल्लोळात भगवंतानं झडती पुन्हा म्हटली. आवाज फाटला, तरी चारही ओळी म्हटल्या. आणि त्या एवढ्या गर्दीत 'हर हर महादेव' म्हणणारा एकटा किसनराव होता.