रांगेच्या तोंडाशी

"कमिट म्हणेपर्यंत काहीच घडलेलं नसतं," असं ती एकदा म्हणाली होती. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या पोटात हात घालताना भीती नाही का वाटत, असं कुणीतरी तिला विचारलं होतं, त्यावरचं हे उत्तर. बदल करायचा, जरा लांबून बघायचा, पटला तर कमिट म्हणून पक्का करायचा. नाही पटला तर रोलबॅक, म्हणजे सगळं होतं तसं. दगड पाण्यात पडलाच नाही.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षात ती डेटाबेस सांभाळायची. फोन येत, ऑपरेटर पत्ता लिहून घेत, मोकळी गाडी निवडत आणि 'रवाना' दाबत. कुठली गाडी कुठे आहे, मोकळी आहे की गुंतलेली, हे तिच्या ताब्यातल्या एका तक्त्यात असे. प्रत्येक गाडीची एक ओळ.

कक्षात तिला बघूताई म्हणत. चहा सांगू? बघू. रजा कधी घेणार? बघू. "हिच्या बघूवर साय धरते," असं सगळ्यात जुन्या ऑपरेटर म्हणायच्या. त्यांना सगळे मावशी म्हणत आणि त्यांच्या जिभेला वचकून असत.

बघूताईचा नवरा काही दिवसांसाठी म्हणून गेला होता, त्याला बरीच वर्षं झाली. भांडण झालं नव्हतं, कागद झाले नव्हते. दोन खोल्यांपैकी आतली खोली त्याच्या सामानासकट कुलपात होती आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या केबलींच्या गुंत्याखाली. "घरी ठेवली की हात जातो," एवढंच तिनं मावशींना सांगितलं होतं. उघडायला जातो की फेकायला, ते मावशींनी विचारलं नाही.

त्या दिवशी डेटाबेस चालवायचा जुना काळा स्क्रीन जाऊन नवा कन्सोल येत होता. सकाळपासून ती तो जुळवत बसली होती. पहिली खडाखडी नावांवरून झाली. तोवर डेटाबेसमध्ये सगळे एकाच 'अ‍ॅडमिन' नावानं शिरत. ती म्हणाली, प्रत्येकाचं नाव वेगळं हवं.

"आपण माणसं किती? घरातल्या घरात ओळखपत्रं कशाला?" साहेब म्हणाले.

"कप कुणी फोडला ते घरातच कळत नाही, साहेब."

साहेब हसले आणि हो म्हणाले. मग तिनं अधिकार वाटले. कुणी नुसतं पाहायचं, कुणी बदलायचं. पुढे एक चौकट आली. दिलेला प्रत्येक हुकूम त्याच क्षणी पक्का करायचा, अशी खूण त्यात आधीपासूनच होती. ती तिनं तत्काळ काढली. शेवटी 'कोण कुणासाठी थांबलंय' हे दाखवणारं पान भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर चढवलं. पान कोरं होतं.

"यात तर काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले.

"दिसत नाही तेच बरं."

आता आपले अधिकार चालतात का, हे पाहायला तिनं एक राहिलेलं काम घेतलं. गाड्यांचे थांबे नव्यानं ठरले होते. ते सगळ्या ओळींमध्ये भरायचे होते. हुकूम दिला. सगळ्या ओळी बदलल्या. वरच्या तपासल्या, खालच्या तपासल्या. बरोबर होतं. कमिट तेवढं राहिलं होतं, आणि फोन वाजला. धाकटा भाऊ होता. ती जिन्यात गेली.

"ताई, आईला घेऊन खाली आलोय. वॉचमनच्या खुर्चीवर बसवलंय."

"इथे? ऑफिसात?"

"मग कुठे? महिनाभर तुझं बघू ऐकतोय. नवी नोकरी परगावी आहे, संध्याकाळची गाडी आहे. तिथं मिळालेल्या खोलीत आम्हीच कसेबसे मावतोय. आईला तू ठेवून घेणार असशील तर मी निघतो. नाहीतर नोकरी नको म्हणून आत्ताच कळवतो. तुला दोष देणार नाही, शप्पथ. पण हो की नाही, काहीतरी एक बोल."

जिन्याच्या खिडकीतून खालचं फाटक दिसत होतं. आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. पिशवी मांडीवर, पिशवीवर दोन्ही हात. बस लागली की पटकन उठता यावं, अशी. तिला आतली खोली लागणार होती. बाहेरच्या खोलीत दुसऱ्या खाटेला जागा नव्हती.

"थोडं काम आहे रे. उरकते आणि बघते."

"बघते!" भाऊ हसला. ते हसू ऐकवत नव्हतं. त्यानं फोन ठेवला.

ती तिथंच उभी राहिली. आईनं एकदाही वर पाहिलं नाही. वर पाहायचं नाही असं ठरवून बसलेलं माणूस लांबूनही ओळखू येतं.

आतून मावशींचा आवाज चढला तेव्हा ती धावली.

सगळे स्क्रीन थिजले होते. 'रवाना' दाबलं की एक बारीक चक्र फिरत राहत होतं, आणि पुढे काहीच नाही.

"आडवं नका करू त्यांना. पाठीला उशी द्या, बसतं ठेवा. गाडी निघाली हं," मावशी फोनवर सांगत होत्या. मग माइकवर हात ठेवून ओरडल्या, "कुठली निघाली डोंबल! कुठली मोकळी आहे तेच दिसत नाही!"

"वायरलेसवर तोंडी सांगा!" साहेब म्हणाले. शेजारच्या ऑपरेटरनं तोंडी सांगितलं, तर दोन गाड्या एकाच पत्त्याकडे वळल्या आणि मावशींचा पत्ता तसाच राहिला.

"नवं खेळणं आणलं, पहिल्याच दिवशी मोडलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मोडलेलं नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली. "कुणीतरी गाड्यांच्या ओळी धरून ठेवल्यात. बदल केलाय, पण पक्काही केला नाही आणि मागेही घेतला नाही. तो सोडेपर्यंत बाकीचे त्याच्यामागे थांबणार."

"पण कोण?"

उत्तर भिंतीवर होतं. सकाळचं कोरं पान भरलं होतं. उलट्या झाडासारखं, एका नावाखाली दुसरं, त्याखाली तिसरं. प्रत्येक जण वरच्यासाठी थांबलेला. सगळ्या फांद्या वर एकाच नावाला जाऊन मिळत होत्या. तिच्या. पूर्ण नाव, नवऱ्याच्या आडनावासकट. सकाळी तिनं हट्ट धरला नसता तर तिथं 'अ‍ॅडमिन' असतं आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं असतं. आता सगळे तिच्याकडे पाहत होते.

"श्वास चालू आहे ना? माझ्याबरोबर मोजा," मावशी फोनवर म्हणत होत्या. "मोठ्यानं मोजा, मला ऐकू येऊ दे."

समोर दोन बटणं होती. कुठलंही दाबलं तरी गाठ सुटणार होती. हात सवयीनं रोलबॅककडे गेला. सगळं होतं तसं.

"दाबा काहीतरी!" साहेब ओरडले.

बदल बरोबर होता. तिनं तपासला होता. तपासून झाल्यावर त्यात आणखी पाहण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग तो उघडा कशासाठी होता?

तिनं कमिट दाबलं.

भिंतीवरची नावं खालपर्यंत गळून गेली. चक्रं थांबली. "रवाना!" मावशी म्हणाल्या आणि पुन्हा फोनवर मोजू लागल्या. मोजता मोजता मावशींचा आवाज बसला, तरी त्या मोजत राहिल्या. मग वायरलेस खरखरला. "पेशंट गाडीत घेतला. ऑक्सिजन लावलाय. बोलतायत, चप्पल राहिली म्हणतायत."

मावशींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कानाभोवती लाल वळ उठला होता.

साहेब खुर्चीत टेकले. "झालं ना आता?"

"एक सेटिंग राहिलंय."

तिनं सर्व्हरचं पान उघडलं. बदल करून कुणी तो तसाच उघडा ठेवून बसला, तर अर्ध्या मिनिटानं सर्व्हरनं आपणहून तो मागे घ्यायचा आणि त्या माणसाला बाहेर काढायचं.

"हे सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"तुम्हाला वगळा हो. तुमची कामं लांबतात."

"लांबत नाहीत. मी लांबवते." तिनं सेटिंग जतन केलं.

टेबलावर फोन थरथरू लागला. भावाचं नाव.

"आई केव्हाची खाली बसलीय," मावशी हळूच म्हणाल्या. "मी खिडकीतून बघितलं. महिनाभर विचारतोय म्हणाली होतीस. काय सांगणार आहेस गं त्याला?"

साहेबांच्या ओठांवर 'बघू' हा शब्द तयार होता. शेजारच्या ऑपरेटरच्याही.

तिनं ड्रॉवर ओढला. केबलींचा गुंता उचलून बाजूला ठेवला, खालची किल्ली घेतली आणि मुठीत धरली. फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला होता, तो मावशींनी धरला. तोवर ती दाराबाहेर पडली होती.