नवव्या दिवसाची सुट्टी आणि फायर पंप

"वैशालीताई, माझी सुट्टी आज सूर्यास्तापासून आहे," नवीद म्हणाला. दुपारचा एक वाजला होता. माझ्या शेड्यूलमध्ये त्याची सुट्टी उद्याची, म्हणजे आज रात्री बारापासून होती, आणि आज साडेपाचला त्याचीच टेस्ट.

मी दोह्यात प्लॅनिंग इंजिनिअर आहे. कोणतं काम कधी, कशानंतर, हे ठरवायचं आणि सगळ्यांची बोलणी खायची, हे माझं काम. बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगचं त्या दिवशी इन्स्पेक्शन होतं. यादीत सगळ्यात शेवटी फायर पंप. वीज गेली की डिझेलचा पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. फायर सिस्टिमचा इंजिनिअर नवीद, म्हणून कागदावर सही त्याचीच चालणार होती. स्लॉट हुकला तर पुढचा तीन आठवड्यांनी.

नवीद पाचगणीचा इराणी, बहाई धर्माचा. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतो.

"थांबायला सांगितलंत तर थांबेन," तो म्हणाला. "पण आई पहिल्यांदाच दोह्याला आलीय. परवा परत जाणार. नववा दिवस सुरू होताना तिच्याबरोबर प्रार्थनेला बसायचं होतं."

"नववा दिवस कसला?"

त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये बाब नावाच्या धर्मपुरुषांनी सांगितलं होतं, की देवाकडून आणखी एक जण येणार आहे. सरकारनं त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचे अनुयायी बहाउल्ला यांना आधी तेहरानला तुरुंग, मग बगदादला हद्दपारी. पुढे तिथूनही निघायचा हुकूम आला. निघण्याआधी बारा दिवस ते नदीपलीकडच्या बागेत राहिले, आणि तो येणारा मीच, असं त्यांनी तिथं सोबत्यांना सांगितलं.

"नदीला पाणी चढलं होतं, ताई. त्यांच्या घरच्यांना पलीकडे जायला नववा दिवस उजाडला. म्हणून आई हा दिवस सोडत नाही."

मला स्वतःचा राग आला. मी तारीख विचारली होती, वेळ विचारलीच नव्हती. तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. तारिक जॉर्डनचा. त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"वैशाली, रमजान कधी सुरू होतो?"

"चंद्र दिसला की."

"म्हणजे मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजाला. माझाही दिवस संध्याकाळीच सुरू होतो. रात्री बारा तू कुठून आणलेस?"

"सॉफ्टवेअरमधून."

"यल्ला, चल, यादी उलटी कर."

मी इन्स्पेक्टरला फोन लावला. लिफ्टऐवजी आधी फायर पंप घेऊ या का? त्याला काहीच फरक पडत नव्हता.

चारला टेस्ट सुरू झाली. वीज तोडली. डिझेल पंप ढिम्म. नवीद शांतपणे वाकला, बॅटरीची ढिली वायर आवळली. दुसऱ्या खेपेला पंप असा धडाडला की इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरकला. नवीदनं पाच वाजता सही केली आणि गाडीकडे जवळजवळ पळतच गेला. सव्वापाचला फोटो आला: ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर आई, शेजारी घामेजलेला नवीद. खिडकीत अजून ऊन होतं. मला फार बरं वाटलं.

मग मी रजेच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला: तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो? पहिल्याच महिन्यात माझा स्वतःचा फॉर्म तारिककडे गेला. संकष्टी होती, चंद्रोदयाला घरी असायला हवं होतं.

तारिकनं तो दोनदा वाचला. "म्हणजे रात्री बारा इथं कोणाचेच नव्हते," म्हणाला, आणि सही केली.